उत्तर कोण देणार?

ऑनलाइन अभ्यासक्रमांत एक ठरलेला प्रकार असतो. चर्चामंचावर आठवड्याचा विषय येतो आणि खाली सूचना: प्रत्येकाने एक पोस्ट लिहावी, वर्गातल्या दोघांच्या पोस्टवर प्रतिसाद द्यावा, पाच गुण, मुदत रविवारी रात्री बारापर्यंत. आठवडाभर मंचावर शुकशुकाट असतो. रविवारी रात्री साडेदहानंतर तिथे गर्दी उसळते. "तुझा मुद्दा अगदी पटला." "खूप छान मांडलं आहेस." "मीही याच्याशी सहमत आहे, कारण..." आणि त्या 'कारण'च्या पुढे मूळ पोस्टमधलंच वाक्य, शब्द थोडे फिरवून. तासाभरात शे-दीडशे नोंदी पडतात आणि सोमवारी पुन्हा सामसूम. कुणी कुणाला काही विचारलेलं नसतं, कुणी कुणाचं काही खोडलेलं नसतं. शिक्षकही बहुधा तिकडे फिरकलेले नसतात. नोंदी सॉफ्टवेअर मोजतं आणि गुणही तेच टाकतं. विभागाच्या अहवालात त्या आठवड्याचा सहभाग शंभर टक्के म्हणून लागतो.

तंत्रज्ञान आणि समाजमाध्यमं वापरून विद्यार्थ्यांना अभ्यासात गुंतवायचं कसं, यावर गेली पंधरा-वीस वर्षं परिसंवाद होतायत, समित्या बसतायत, खरेद्या होतायत. आधी चर्चामंच आले, मग ब्लॉग आणि सगळ्यांनी मिळून लिहायची विकीपानं, मग फेसबुक-ट्विटर, वर्गात मत नोंदवायचे क्लिकर, मोबाइलवरच्या प्रश्नमंजुषा आणि आता एआय. दरवेळी चर्चा साधनाची होते: कोणतं घ्यायचं, कितीला पडेल, प्रशिक्षण कोण देणार. माझ्या मते मूळ प्रश्न यात येतच नाही. आपण लिहिलेलं कुणीतरी खरोखर वाचतंय, विचारलेल्याचं उत्तर येतंय, आणि त्या उत्तराने पुढे काहीतरी बदलतंय, एवढी खात्री पटली की विद्यार्थी गुंततो. या साधनांनी प्रश्न विचारणं जवळजवळ फुकट करून टाकलं. उत्तर देणं पूर्वीइतकंच वेळखाऊ राहिलं. विद्यापीठं साधनाला पैसे मोजतात, उत्तर देणाऱ्याच्या वेळाला मोजत नाहीत. सगळं अडतं ते इथे.

ट्विटरवरच्या दोन अभ्यासांतून हे फार स्वच्छ दिसतं. रे जुन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या १२५ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आरोग्यक्षेत्राकडे वळू पाहणारी ही मुलं. काही तुकड्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून चौदा आठवडे ट्विटर वापरलं, बाकीच्यांनी वापरलं नाही. सत्राअखेरीस ट्विटरवाल्या तुकड्यांचा सहभाग जास्त भरला आणि त्यांची श्रेणी-सरासरीही चारच्या मापावर साधारण अर्ध्या गुणाने वर गेली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. इतकंच वाचून थांबणाऱ्याला वाटेल की ट्विटर वर्गात आणलं की काम झालं. पण २०१३ मध्ये याच संशोधकांनी दुसरा अभ्यास पहिल्याच्या शेजारी ठेवला. त्यात साधन तेच होतं. फरक असा, की ट्विटर वापरणं ऐच्छिक होतं आणि शिक्षक स्वतः त्यावर बोलत नव्हते. परिणाम दिसला नाही. पहिल्या प्रयोगात शिक्षक रोजच्या रोज तिथे होते. पुस्तकावरची चर्चा वर्ग सुटल्यावर पुढे नेत होते, शंकांना उत्तरं देत होते, मदत कुठे मिळेल ते सांगत होते, परीक्षेच्या दिवसांत धीर देत होते. वाढलेला अर्धा गुण या माणसांच्या खात्यावर जमा करायला हवा. आपण तो ट्विटरच्या नावावर टाकतो.

ही गोष्ट संगणकावरच्या शिक्षणाइतकीच जुनी आहे. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये 'प्लेटो' नावाची संगणकप्रणाली शिकवण्यासाठी तयार झाली. धडा दाखवायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर तपासायचं, असं तिचं काम. १९७३ मध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलाने तिच्यासाठी 'नोट्स' हा संगणक-प्रोग्रॅम लिहिला. हेतू साधा होता: प्रणालीतल्या चुका वापरणाऱ्यांनी कळवाव्यात आणि चालवणाऱ्यांनी त्याखालीच उत्तर लिहावं. पाहता पाहता लोक तिथे चुकांपलीकडचंही बोलायला लागले आणि पुढच्या कितीतरी चर्चामंचांचा तो पूर्वज ठरला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या पहिल्या रचनेतच उत्तर देणारा कोण हे ठरलेलं होतं. आज मंच उघडताना नेमकं तेवढंच ठरवायचं राहून जातं.

ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या मूडल या प्रणालीचंही तसंच. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात राहून ती उभी केली, पहिली आवृत्ती २००२ सालची. माणसं एकमेकांसाठी काहीतरी घडवताना शिकतात, हा विचार तिच्या मुळाशी होता आणि मूडलच्या कागदपत्रांत तो आजही लिहिलेला आहे. जगभरातल्या हजारो संस्थांनी ती घेतली आणि बहुतेक ठिकाणी तिचं पीडीएफ ठेवायचं कपाट झालं. विकी, परस्परमूल्यांकन, चर्चा अशी सोय असूनही. याचा दोष मी शिक्षकांच्या आळसावर टाकणार नाही. फाइल चढवायला दोन मिनिटं लागतात. चाळीस जणांनी लिहिलेल्या विकीपानावर डोळा ठेवायला आठवड्याची एक दुपार जाते आणि ती दुपार कोणत्याही वेळापत्रकात धरलेली नसते.

मग जिथे साधन खरंच उपयोगी पडलं तिथे काय घडलं? याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण हार्वर्डच्या एरिक मझूर यांचं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, विद्यार्थीप्रिय, व्याख्यानं उत्तम. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल आणि गती यांवरची एक साधी संकल्पना-चाचणी दिली. तिच्यात गणित जवळपास नव्हतं. अवघड गणितं सोडवणारी मुलं या साध्या प्रश्नांवर अडखळली. एका विद्यार्थिनीने तर विचारलं, की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं देऊ की मला एरवी जसं वाटतं तसं?

त्या धर्तीचा एक प्रश्न बघा. भरधाव ट्रक एका छोट्या गाडीवर समोरासमोर आदळतो. कुणी कुणावर जास्त बल लावलं? वर्गातल्या बहुतेकांचं मन 'ट्रकने' म्हणतं. न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असणाऱ्यांचंही. दोन्ही बलं सारखीच असतात. गाडीचा चुराडा होतो तो तिचं वस्तुमान कमी असल्यामुळे, म्हणजे तेवढ्याच बलाने तिचा वेग फार जास्त बदलतो म्हणून. हे शिक्षकाने फळ्यावर दहा वेळा सांगितलं तरी ट्रक डोक्यातून हटत नाही. मझूर यांनी शिकवण्याची रीत बदलली. असा प्रश्न पडद्यावर टाकायचा, एक-दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं. बरोबर उत्तरं अगदीच थोडी असतील तर मुद्दा पुन्हा समजावायचा. जवळपास सगळ्यांचं बरोबर असेल तर पुढे जायचं. साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये असेल तर शेजाऱ्याला पटवायला सांगायचं. मग वर्गात कल्लोळ होतो. ज्याला नुकतंच कळलंय तो ज्याला अजून कळलं नाही त्याला समजावतो, आणि बऱ्याचदा प्राध्यापकापेक्षा चांगलं समजावतो, कारण आपण कुठे अडलो होतो ते त्याच्या अजून लक्षात असतं. नंतर पुन्हा मत द्यायचं.

या पद्धतीमुळे क्लिकर नावाचं छोटं यंत्र विद्यापीठांत लोकप्रिय झालं. बटण दाबायचं, पडद्यावर आलेख उमटतो. पण कॅनडातल्या नॅथॅनियल लॅस्री यांनी २००८ साली एक सरळ तुलना केली: एका गटाला क्लिकर दिले, दुसऱ्याला रंगीत कार्डं. पद्धत दोन्हीकडे तीच. विद्यार्थ्यांच्या शिकण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. क्लिकरला फायदे आहेत. उत्तर गुप्त राहतं, नोंद राहते, तीनशे जणांच्या वर्गात कार्डं मोजणं शक्य नसतं. पण शिकवण्याचा परिणाम यंत्रात नव्हता. शिक्षकाने प्रश्न विचारला, उत्तरं पाहिली आणि त्यानुसार पुढची पाच मिनिटं बदलली, यात तो होता. मत घेऊन, आलेख दाखवून, "ठीक आहे, पुढे जाऊया" म्हणणाऱ्या वर्गात क्लिकर असूनही काही घडत नाही. विद्यार्थ्यांना हे पहिल्या आठवड्यातच कळतं. आपल्या मताने काही बदलत नाही हे दिसलं की ते बटण दाबतात आणि मान खाली घालतात.

वर्गात विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या पद्धतींवर आता इतकं संशोधन झालंय की त्या उपयोगी आहेत का, हा वादाचा मुद्दा राहिलेला नाही. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. यातल्या कितीतरी वर्गांत साधन म्हणजे कागद, पेन्सिल आणि शेजारी बसलेला विद्यार्थी एवढंच होतं.

इथे एक अडचण आहे आणि ती साधनं विकणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एकदा गुळगुळीत व्याख्यान आणि एकदा स्वतः झगडायला लावणारा वर्ग असे दोन्ही अनुभव दिले. चाचणीत दुसऱ्या प्रकारात ते जास्त शिकल्याचं दिसलं; त्यांना स्वतःला विचारलं तर ते पहिल्या प्रकारात जास्त शिकलो म्हणाले. डोक्याला ताण पडला की आपल्याला येत नाही असं वाटतं. म्हणून सत्राअखेरीच्या "तुम्हाला हे साधन आवडलं का?" या प्रश्नावलीवर माझा विश्वास नाही. रंगीबेरंगी प्रश्नमंजुषा, संगीत, गुणफलक यांनी तास मजेत जातो आणि पाचपैकी साडेचार गुण मिळतात. आवडणं वाईट नाही. पण त्या तासाला मुलं जे चुकली त्याचं पुढे काय झालं, हे त्या साडेचारमधून कळत नाही.

समाजमाध्यमांसारख्या साधनांचं एक खरं देणं आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो: वर्गात तोंड न उघडणाऱ्याला त्यांनी दार उघडून दिलं. पूजा नाथ कानपूरच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकत होत्या तेव्हा वर्गात मुली अगदी मोजक्या. मुलं रात्री प्रयोगशाळेत घोळक्याने बसून एकमेकांना विचारत गणितं सोडवायची, आणि त्या संकोचाने बाजूला एकट्या अडून बसायच्या. पुढे अमेरिकेत शिकताना २००९ साली त्यांनी 'पियाझा' हा प्रश्नोत्तरांचा मंच सुरू केला. त्यात विद्यार्थी नाव लपवून प्रश्न विचारू शकतो, आणि एकाच प्रश्नाखाली विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेलं एक उत्तर व शिक्षकाचं एक उत्तर अशा दोन जागा असतात. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. साऱ्या प्रतिक्रियांची लांबलचक माळ नाही. एक उत्तर, सगळ्यांनी सुधारत नेलेलं, आणि शिक्षकाने ते बरोबर असल्याची खूण केलेलं. बावळट वाटेल या भीतीने जो प्रश्न पोटातच राहिला असता तो लिहिला जातो, आणि मग कळतं की तोच प्रश्न आणखी वीस जणांना पडला होता. अर्थात, हे सगळं उत्तर येतंय तोवर. तीन दिवस अनुत्तरित पडलेला निनावी प्रश्न त्या संकोची विद्यार्थ्याला अधिकच गप्प करतो, कारण धाडस करून विचारलं आणि कुणी दखल घेतली नाही, हे आता सगळ्यांसमोर लिहिलेलं असतं.

विद्यार्थ्यांनी आपापसांत उभ्या केलेल्या गटांकडे विद्यापीठांनी कसं बघावं, हाही यातलाच भाग. २००८ साली टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्यावर गैरवर्तनाचा ठपका आला. रसायनशास्त्राच्या गृहपाठावर चर्चा करणाऱ्या फेसबुक गटाचा तो अ‍ॅडमिन होता. गटात १४६ जण. त्याच्यावर आरोप १४७: एक गट चालवल्याचा आणि प्रत्येक सदस्यामागे एक. विद्यार्थ्यांचं म्हणणं असं, की विद्यापीठाच्याच इमारतीतल्या अभ्यासाच्या खोलीत बसून हेच बोललं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. शेवटी त्याला काढून टाकलं नाही, त्या गृहपाठाचे गुण गेले. विद्यापीठाची शंका पूर्ण निराधार नव्हती. गृहपाठ एकट्याने करायचा, अशी सूचना होती. पण पहिल्या वर्षाचे दीडशे विद्यार्थी आपणहून रसायनशास्त्रावर बोलायला जमतात, आणि संस्थेला त्यात फक्त गुन्हा दिसतो, हे मला अस्वस्थ करतं. प्रत्येकाला वेगळे आकडे घातलेली गणितं द्यायची, आणि रीत समजावणं चालेल, उत्तर चिकटवणं चालणार नाही, असा स्पष्ट नियम सांगायचा. एवढ्यावर तो गट अभ्यासाची उत्तम जागा ठरला असता.

या गटांत शिक्षकांनी शिरावं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट त्यांचा राहू द्यावा. तिथे ते शिक्षकांबद्दल कुरकुर करतील, नोट्स वाटतील, उद्या तास आहे का विचारतील. ही त्यांची जागा आहे. अभ्यासक्रमाचा अधिकृत मंच वेगळा हवा, संस्थेच्या खात्यावर चालणारा. खासगी गटात सक्तीने ओढलं की प्रत्येक मुलीचा फोन नंबर वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात जातो, आणि त्याचे परिणाम तिलाच भोगावे लागतात. ज्याला ते अ‍ॅप वापरायचंच नाही त्याचे गुण जातात. रात्री अकराला आलेली सूचना सकाळी आठच्या तासाला लागू होते. साधन ओळखीचं आहे एवढ्यावरून ते वर्गासाठी योग्य ठरत नाही.

कॅमेऱ्यांचंही तेच. साथीच्या काळात ऑनलाइन तासाला कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती अनेकांनी केली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एका पाहणीत विद्यार्थ्यांनी तो बंद ठेवण्याची कारणं सांगितली: आपण कसे दिसतो याची काळजी, मागे दिसणारं घर आणि माणसं, कमकुवत इंटरनेट. कंटाळा हे एकमेव कारण आपण धरून चाललो होतो. ऑनलाइन परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्याने फिरवून बघणं घटनाबाह्य आहे, असा निकाल २०२२ मध्ये अमेरिकेतल्याच क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात तिथल्या संघराज्य न्यायालयाने दिला. ज्याच्यावर पाळत आहे तो हजर राहतो, पण त्याला शंका विचारावीशी वाटत नाही.

विद्यार्थ्याने लिहिलेलं शिक्षकाखेरीज आणखी कुणाला लागतं, असा अनुभव फार थोड्या साधनांनी दिला. विकिपीडिया त्यातला एक. गेली पंधरा वर्षं अनेक देशांत सत्राची असाइनमेंट म्हणून विद्यार्थी विकिपीडियावर लेख लिहितात. निबंध एक जण वाचतो आणि गुण पडले की तो रद्दीत जातो; इथे अनोळखी संपादक विचारतो, या वाक्याला आधार काय? असा प्रश्न एकदा आला की संदर्भ देणं ही परीक्षेपुरती औपचारिकता उरत नाही. पण हाच प्रयोग २०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत मोठ्या प्रमाणावर केला गेला आणि फसला. शेकडो विद्यार्थी एकदम आले, अनेकांनी पुस्तकांतला मजकूर जसाच्या तसा चढवला, तो शोधून काढून टाकण्याचं ओझं मूठभर स्वयंसेवकांवर पडलं आणि वर्षाअखेरीस उपक्रम गुंडाळावा लागला. 'मुलांनी कॉपी केली' म्हणून हा विषय मिटवणं सोपं आहे. मला त्यात प्रमाण चुकलेलं दिसतं. स्वतःच्या शब्दांत लिहायला शिकवायचं असेल तर पहिला परिच्छेद लिहिल्याबरोबर कुणीतरी तो वाचून "हे तुझं नाही, पुन्हा लिही" म्हणायला हवं. शेकडो परिच्छेदांना पुरतील इतके वाचणारे तिथे नव्हते.

आता एआयचा मुद्दा, कारण माझ्या सगळ्या मांडणीला तो सर्वांत मोठा आक्षेप आहे. उत्तर देणाऱ्याचा वेळ महाग असेल, तर उत्तर यंत्रानेच द्यावं. ते रात्री दोनलाही जागं असतं, वैतागत नाही, तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तरी चालतं. हा आक्षेप मी हलका मानत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या अशोक गोएल यांनी २०१६ मध्ये एआयच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमात 'जिल वॉटसन' हा यांत्रिक सहायक आणला. वर्ग तीनेकशे जणांचा, सत्राला मंचावर सुमारे दहा हजार संदेश. प्रत्येकाला फक्त तीन मिनिटं धरली तरी पाचशे तास होतात. सोळा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एकतीस. जिलने कोणती उत्तरं द्यायची? फाइल कोणत्या स्वरूपात पाठवू, मुदत कधी, शब्दमर्यादा किती. तेही पुरेशी खात्री असेल तेव्हाच. बाकीचं मानवी सहायकांकडे. जिल हे यंत्र आहे, हे विद्यार्थ्यांना सत्र संपत आलं तोवर सांगितलं गेलं नव्हतं, ते मला पटलेलं नाही. आपण कुणाशी बोलतोय हे कळण्याचा हक्क त्यांना होता. पण कामाची ती वाटणी योग्य होती. माहितीचे प्रश्न यंत्राकडे गेले की समजुतीच्या प्रश्नांसाठी माणसाचा वेळ सुटतो.

चॅटजीपीटी आल्यानंतर ही वाटणी पुसली गेली. तुर्कस्तानात जवळपास हजार शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात गणिताच्या सरावाला साधा चॅटबॉट दिला तेव्हा सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, आणि तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती मुलं चॅटबॉट कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता इशारे देणाऱ्या आणि शिक्षकांच्या सूचना आत घातलेल्या आवृत्तीत हा तोटा जवळपास नाहीसा झाला. दुसरीकडे हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात काळजीपूर्वक तयार केलेल्या एआय शिकवणीने विद्यार्थी चांगल्या, सक्रिय वर्गापेक्षाही कमी वेळात जास्त शिकले. त्या शिकवणीमागे शिक्षकांनी लिहून दिलेल्या पायरी-पायरीच्या उकली होत्या. एका वेळी एकच पायरी पुढे करायची, असं तिला बांधलेलं होतं. दोन्ही ठिकाणी यंत्र चांगलं ठरलं ते शिक्षकाने आधी खर्च केलेल्या तासांमुळे. तो खर्च टळलेला नाही, फक्त सत्र सुरू होण्याआधी झाला.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. चाळीस विद्यार्थी एकाच पायरीवर अडले आणि प्रत्येकाने आपल्या खोलीत बसून आपल्या चॅटबॉटला विचारलं, तर चाळीसही जणांना उत्तर मिळतं आणि शिक्षकाला पत्ता लागत नाही की ती पायरी वर्गात नीट समजावली गेलेली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीच पायरी, पुन्हा तशीच. मंचावर विचारलेला प्रश्न सगळ्यांसाठी असतो. तो शेजाऱ्याला आपण एकटे नाही हे कळवतो, उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःची समज तपासायला लावतो आणि शिक्षकाला उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते सांगतो. खासगी गप्पांत हे तिन्ही हरवतं. म्हणून विद्यापीठाने एआय आणायचंच असेल तर विद्यार्थ्यांची नावं झाकून, कोणत्या मुद्द्यावर किती जण अडले, एवढा आठवड्याचा गोषवारा शिक्षकाकडे यावा अशी अट खरेदीतच घालावी. आणि तो गोषवारा वाचायला शिक्षकाला वेळ द्यावा.

वेळाचं गणित अवघड नाही. एकशेवीस जणांचा वर्ग, दर आठवड्याला प्रत्येकाचा एक प्रश्न किंवा एक छोटा परिच्छेद, प्रत्येकी पाच मिनिटं. झाले दहा तास. शिक्षकाच्या कार्यभारात हे दहा तास आज कुठेच दिसत नाहीत. तिथे व्याख्यान धरलं जातं, प्रात्यक्षिक धरलं जातं, परीक्षेचं पर्यवेक्षण धरलं जातं; मंचावर उत्तरं देणं हा शिक्षकाचा हौशी उपद्व्याप समजला जातो. मग पहिल्या सत्रात उत्साही शिक्षक रात्री बसून उत्तरं देतो, दुसऱ्या सत्रात शनिवार-रविवारपुरती देतो, तिसऱ्या सत्रात मंच रविवारी रात्रीच्या "तुझा मुद्दा अगदी पटला"वर येऊन ठेपतो. शिक्षकांनी चोवीस तास उपलब्ध राहावं असं मी अजिबात म्हणत नाही. उलट वेळ ठरलेली असावी: मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार मंचावर उत्तरं मिळतील, एरवी नाही. विद्यार्थ्यांना तत्काळ उत्तर लागतं हा गैरसमज आहे. कधी येणार हे माहीत असलं की ते थांबतात, आणि थांबलेल्या वेळात निम्मे प्रश्न एकमेकांतच सोडवतात.

दहा तास देणं परवडत नसेल तर काम कमी करावं, माणूस कमी करू नये. आठवड्याला एका तुकडीचेच परिच्छेद वाचावेत, बाकीच्यांनी त्यावरचे शेरे वाचून आपलं सुधारावं. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन उत्तरं देण्याच्या कामावर घ्यावं. समजावून सांगताना त्यांचाही विषय पक्का होतो. पाच साधनांऐवजी एक ठेवावं आणि ते तीन वर्षं बदलू नये. खरेदीचा प्रस्ताव समितीपुढे येतो तेव्हा परवान्याच्या किमतीशेजारी एक रकाना सक्तीचा असावा: यावर येणारे प्रश्न कोण वाचणार, आठवड्याला किती तास, आणि ते तास त्याच्या कोणत्या कामातून वजा होणार. रकाना रिकामा असेल तर प्रस्ताव परत पाठवावा. ज्या विभागाला हा रकाना भरताच येत नाही, त्याने मंच सुरू करू नये. त्यापेक्षा आठवड्यातला एक तास शंकांसाठी राखावा आणि वर्गात रंगीत कार्डांवर मत घ्यावं. ट्रक आणि गाडीचा प्रश्न कार्डांवरही तितकाच चांगला चालतो.